किती टनाचं घर?

आजोबांनी १९६७ साली नागपुरात घर बांधलं. दीड विटेच्या भिंती, अकरा फुटांवर छत, मोझॅकची फरशी आणि प्रत्येक दाराच्या वर दोरी ओढून उघडायचा झरोका. आजी-आजोबा गेल्यावर त्या घरात आई एकटीच राहते. शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली. तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझा मामा, न्यू जर्सीत पुलांचे नकाशे तपासता तपासता म्हातारा झाला. आता वर्षातले सहा-आठ महिने इथेच काढायचं त्याने ठरवलं आहे. तो पहिल्यांदा आला तोच मे महिन्यात. सर्वांत वाईट महिना आधी पाहून घेतो, म्हणाला.

त्याने आठ दिवस पाहिला आणि नवव्या दिवशी सेंट्रल एसीचं कोटेशन मागवलं. पुढची बोलणी दोन बैठकांत झाली. पहिली नवतप्यात, दुसरी आषाढात. मी दोन्हींना चहा करायला हजर होतो.

पहिली बैठक : नवतपा

बाहेर ४५ अंश. टेबलावर कोटेशन, पन्ह्याचे दोन ग्लास आणि आईची पेन्सिल. खिडकीत कूलर गरजतो आहे.

मामा : माई, आधी तो कूलर बंद कर. माझंच बोलणं मला ऐकू येत नाही.

आई : बंद केला की पाचव्या मिनिटाला तूच म्हणशील, लाव. बोल ना जोरात. लहानपणी काय हळू बोलत होतास?

मामा : बरं. हे बघ. साडेआठ टनाचं डक्टेबल यंत्र. हॉल, जेवणाची जागा आणि तिन्ही खोल्या मिळून साडेआठशे चौरस फूट. शंभर फुटांना एक टन असा इथला हिशेब आहे. सगळं धरून सहा लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे.

आई : "सगळं" म्हणजे काय काय, ते वाच.

मामा : यंत्र दोन लाख तीस हजार. पत्र्याचं डक्ट, त्याचं इन्सुलेशन आणि जाळ्या एक लाख तीस. फॉल्स सीलिंग एक लाख पाच. थ्री-फेजचं मीटर, पॅनेल, केबल सत्तर हजार. भिंतींना भोकं, प्लास्टर, रंग पंचेचाळीस हजार. बेरीज पाच लाख ऐंशी, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ च्या आधी एसीच्या यंत्रावर २८ टक्के होता. तेवढा तरी फायदा धर.

आई : धरला. पण तू वाचताना मी भागाकार करून राहिले होते. कराआधीच्या शंभर रुपयांत यंत्राचे चाळीसही भरत नाहीत. उरलेले साठ घर फोडायचे आणि परत शिवायचे. म्हणजे तू एसी नाही विकत घेत दादा, ऑपरेशन विकत घेऊन राहिला.

मामा : तिकडे माझ्या घरात हेच केलं होतं. दोन दिवसांत माणसं येऊन गेली. भिंतीवर साधा ओरखडा नाही.

आई : कारण तुमच्या घरात डक्ट आधीच होतं. तळघरात भट्टी आहे ना तुझी? हिवाळ्यात गरम हवा ज्या नळकांड्यांतून फिरते, उन्हाळ्यात त्यातूनच थंड फिरवायची. मी आले होते तेव्हा पाहिलं होतं की. फुप्फुसं जन्मापासून होती, तुम्ही फक्त नाकाशी बर्फ धरला.

मामा : (हसत) हे मान्य. अमेरिकेत दहातल्या जवळजवळ नऊ घरांत एसी आहे आणि दोन-तृतीयांश घरांत मध्यवर्ती, त्याचं मोठं कारण ही भट्टीची डक्टच. माझ्या शेजाऱ्याचं घर रेडिएटरचं. गरम पाण्याचे नळ, डक्ट नाहीच. त्याला कपाटांतून आणि माळ्यावरून सगळी नळकांडी नव्याने न्यावी लागली. खर्च माझ्या दुपटीहून जास्त.

आई : मग आपलं घर कोणासारखं? तुझ्यासारखं की शेजाऱ्यासारखं?

मामा : शेजाऱ्यासारखं. त्याहून वाईट म्हण. तिकडे भिंत म्हणजे लाकडी चौकट, आत पोकळ. इथे चौदा इंच वीट, आणि तिच्यावरच छताचा भार. प्रत्येक खोलीच्या दारावर डक्टसाठी हातभर रुंद भोक पाडायचं म्हणजे लिंटेल कुठे आहे, छत कशावर टेकलंय, ते आधी बघावं लागेल. तेवढं मला कळतं.

आई : आणि ते झरोके?

*(मामा वर बघतो. त्याच्या खुर्चीमागची दोरी अजून लोंबते आहे, टोकाशी आजोबांनी बांधलेलं लाकडी रीळ.)*

मामा : बारा इंच डक्ट, त्याखाली सीलिंग. छत पावणेदहा फुटांवर येईल. झरोके झाकले जातील.

आई : म्हणजे वर्षातले जे पाच महिने या घराला काहीच लागत नाही, नोव्हेंबर ते मार्च, तेव्हाही हवा खेळायची वाट बंद. ती किंमत कोटेशनात कुठे आहे?

मामा : हे बघ, तू भावनिक होऊ नको.

आई : भावनिक? चल, हिशेब करू. साडेआठ टन. टन म्हणजे काय?

मामा : बाई परीक्षा घेऊन राहिल्या! एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढा दर. साडेतीन किलोवॅट थंडावा.

आई : शाब्बास. साडेआठ टन म्हणजे तीस किलोवॅट थंडावा. त्यासाठी वीज लागेल दहा किलोवॅटच्या आसपास. तेही कागदावर. या यंत्रांची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. आत्ता बाहेर किती आहे?

मामा : ४५. हो, इथे थंडावा कमी मिळेल आणि वीज जास्त ओढेल. म्हणून मी ४६ अंशांना तपासलेलं, टी-थ्री वर्गाचं यंत्र घ्या म्हटलंय त्यांना.

आई : ते बरं केलंस. तरी रोज आठ तास चालवलं, कॉम्प्रेसर मधून मधून थांबतो ते वजा केलं, तर पन्नासेक युनिटं. महिन्याला पंधराशे. माझ्या मागच्या मेच्या बिलात वरच्या टप्प्यातलं युनिट पंधरा रुपयांच्या वर पडलं होतं. तू कर गुणाकार.

मामा : बावीस-तेवीस हजार महिना. जास्त आहे. पण छतावर सोलर टाकू. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं.

आई : तीन किलोवॅट दिवसाला देणार बारा-तेरा युनिटं. पन्नासातली बारा. आणि हा कूलर बघ. पंखा आणि पंप मिळून दोनशे वॅट. दहा तासांना दोन युनिटं.

मामा : आणि पाणी?

आई : शंभर लिटरच्या आसपास. ते खोटं नाही बोलणार मी. पेंचचं पाणी आहे, फुकट नाही.

मामा : पण माई, हा कूलर किती थंड करतो, सांग.

*(आई उठून भिंतीवरचे दोन थर्मामीटर दाखवते. शाळेतून निवृत्त होताना तिने तेवढेच मागून घेतले होते. एकाच्या फुग्याला ओला फडका गुंडाळलेला.)*

आई : व्हरांड्यात कोरडा दाखवतो ४५, ओला दाखवतो २४. कूलर फार तर ओल्याच्या जवळ नेतो, त्याच्या खाली कधीच नाही. जाळीत भरलेला वाळा नवा असेल तर या तोंडातून २८-२९ अंशांची हवा येते. मधल्या एकवीस अंशांची दरी हीच आपली संपत्ती. मुंबईवाल्यांकडे ती नाही.

मामा : (हात कूलरसमोर धरून) आत्ता तरी तू जिंकलीस. पण रात्री अकराला माझ्या खोलीत एसी लावूनही छत तव्यासारखं का असतं?

आई : कारण दुपारचं ऊन छतातून आणि चौदा इंची भिंतीतून चालत चालत रात्री आत पोहोचतं. तुझं साडेआठ टनाचं यंत्र हवेशी नाही भांडणार, त्या छताशी भांडणार. भाडं भरून वीट थंड करायची. आधी ऊन आत येऊ देऊन मग ते पंधरा रुपये युनिटने बाहेर काढायचं, हा कुठला शहाणपणा?

मामा कोटेशन घडी करून खिशात ठेवतो. त्याने ते फाडलं नाही, हे मी पाहिलं.

उठता उठता आई कालनिर्णयच्या पानावर पेन्सिलीने पाच बारीक रकाने आखते. हॉल, जेवण, तीन खोल्या. "रोज लिहू, कुठल्या खोलीत कोण किती तास होतं," ती म्हणते. "टन नंतर."

दुसरी बैठक : आषाढ

जुलैचा दुसरा आठवडा. पाऊस पडून थांबलेला. बाहेर ३३ अंश, पण टॉवेल दोन दिवस वाळत नाहीत. मामाची लेक दोन मुलांना घेऊन तीन रात्री राहून काल परत गेली. तिकडच्या शाळांना सुट्टी असते ती जूनच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंत, त्यामुळे नातवंडं यायची ती याच दिवसांत.

मामा : माई, आज कूलर का बंद?

आई : माहीत असून विचारून राहिला तू.

मामा : तुझे थर्मामीटर काय म्हणतात?

आई : कोरडा ३३, ओला २९.

मामा : म्हणजे तुझी एकवीस अंशांची संपत्ती चारावर आली. कूलर लावला तर ओला वारा तोंडावर, गादी दमट, खिडकीच्या चौकटीवर बुरशी. आणि टाकीतलं पाणी?

आई : ते सोमवारी उपसून कोरडं केलं. डासांच्या अळ्या होतात, डेंगूची भीती.

मामा : कोणी उपसलं? तू. स्टुलावर चढून. एकाहत्तराव्या वर्षी. होळी झाली की जाळ्या काढायच्या, जुना वाळा झाडायचा, नवा भरायचा, पत्र्याला रंग, पंपाची वायर तपासायची, कारण ओल्या कूलरचा शॉक लागून दरवर्षी कुठेतरी माणूस जातो. तू मला वीज मोजून दाखवलीस. तुझे हात कुठल्या रकान्यात लिहिलेस?

*(आई काही बोलत नाही. मी चहा ठेवतो.)*

मामा : आणि मुळात हे यंत्र जन्माला कशासाठी आलं, ठाऊक आहे ना? विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी त्याची आखणी केली. दमट हवेत कागद फुगायचा, रंगावर रंग बसायचा नाही. माणसांचा प्रश्नच नव्हता, कागद कोरडा ठेवायचा होता. म्हणजे एसीचं मूळ काम हवा वाळवणं. ते कूलर जन्मात करणार नाही, तो नेमकं उलट करतो. मेमध्ये तू म्हणतेस ते खरं, पण जुलै, ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर मी म्हणतो ते खरं.

आई : खरं आहे.

मामा : काय म्हणालीस?

आई : जोरात नाही सांगणार परत. खरं आहे म्हटलं. मागचे दोन पावसाळे मी रात्री पंख्याखाली बसून काढले. तुला फोनवर सांगितलं नाही.

*(थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.)*

मामा : मग करू या ना सेंट्रल. भिंतीवर चार डबे नको, चार ठिकाणी गळणारे पाइप नको. हवा गाळून येते, तुझा दमा आहे. यंत्राचा आवाज गच्चीवर राहील.

आई : एसी हवा, हे मी मानलं. सेंट्रल हवा, हे कुठे मानलं? कालनिर्णय काढ.

*(मामा पान उलटतो. पेन्सिलीच्या खुणांनी रकाने काळे झाले आहेत.)*

आई : २८ मेपासून ४४ दिवस. दुपारी एक ते पाच आपण दोघं हॉलमध्ये. रात्री मी माझ्या खोलीत, तू तुझ्या. जेवणाच्या जागी दिवसाला सव्वा तास. तिसरी खोली किती दिवस उघडली?

मामा : तीन.

आई : आणि पाचही जागा एकाच वेळी लागल्या असे?

मामा : तेच तीन. मुलं होती तेव्हा.

आई : सेंट्रलचं एकच थर्मोस्टॅट. तू रात्री तुझ्या खोलीसाठी लावलंस की रिकामा हॉलही थंड होणार.

मामा : झोन करता येतात. डक्टमध्ये झडपा बसवतात. नाहीतर व्हीआरएफ घेऊ, बाहेर एक यंत्र आणि आत खोलीगणिक वेगळं.

आई : ते अजून महाग, आणि दुरुस्तीला येणारी माणसं अजून कमी. मेमध्ये एक कॉम्प्रेसर बसला तर पूर्ण घर बसलं. वेगवेगळे असतील तर एक बंद पडला तरी दुसऱ्या खोलीत गादी टाकता येते. मागच्या वर्षी माझ्या मैत्रिणीकडे दुरुस्तीवाला सहाव्या दिवशी उगवला. तेही रोज तीन फोन केल्यावर.

मामा : हे मला पटतं. पण त्या तीन दिवसांचं काय? माई, मी खरं सांगतो. ते सहा लाख मी माझ्यासाठी नव्हतो घालत. पोरं म्हणाली पाहिजेत, आबांच्या गावच्या घरात सगळीकडे बरं वाटतं. तीन रात्री सहा माणसं माझ्या एका खोलीत कोंबून झोपली. धाकटा घामेजून उठला, ते तू पाहिलंस.

आई : पाहिलं. आणि कोटेशन वाचलं तेव्हाच कळलं होतं मला, हा कागद आपल्या दोघांचा नाही. भरल्या घराचा आहे. साडेआठ टनांत तीन टन आपण आणि साडेपाच टन वाट पाहणं.

मामा : वाट पाहू नये का?

आई : पाहावी. पण वाट पाहण्याला महिना तेवीस हजार बिल का लावायचं? तीन दिवसांसाठी तीन दिवसांपुरती सोय करू. आता माझं कोटेशन ऐक.

मामा : सांग.

आई : पहिलं छत. पावसाळा संपला की सतराशे फुटांवर वॉटरप्रूफिंगचा पांढरा थर, ऊन परतवणारा. फुटाला चाळीस रुपये सांगितलेत, म्हणजे अडुसष्ट हजार. शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी केलं. मेमध्ये मी माझा थर्मामीटर त्यांच्या वरच्या खोलीत टांगून आले होते. रात्री अकराला आपल्याकडे ३७, त्यांच्याकडे साडेचौतीस.

मामा : तू आधीच मोजून ठेवलं होतंस!

आई : एकतीस वर्षं तेच केलं ना. दुसरं वायरिंग. १९६७ ची वायर आहे, एसी असो वा नसो, ती बदलायचीच. साठ हजार. त्यात तिसऱ्या खोलीतही एसीचा पॉइंट काढून ठेवायचा, पाइपची वाट ठेवायची. तिसरं, पाच स्टारचे इन्व्हर्टर स्प्लिट दोन. एक हॉलला, एक माझ्या खोलीला. लावण्यासकट पंचावन्न-पंचावन्न हजार. तुझ्या खोलीत बाबांच्या आजारपणात घेतलेला आहेच.

मामा : दोन लाख अडतीस हजार. (थांबून) म्हणजे चार लाख सेहेचाळीस वाचले.

आई : वाचले नाहीत, अजून खर्च व्हायचे आहेत. त्यातून तुझं सोलर बसव. पॅनेलची सावली छतावर पडेल, तो फायदा वेगळाच. दोन खोल्या रात्रभर चालल्या तरी चौदा-पंधरा युनिटं, तुझ्या तीन किलोवॅटमध्ये बरीचशी निघतील. आणि मुलं आली की रात्री हॉलमध्ये गाद्या टाकू. तिथे आठजण मावतात. आपण नव्हतो झोपत गच्चीवर अकराजण?

मामा : हॉलच्या स्प्लिटला मात्र माझी एक अट.

आई : बोल.

मामा : दीड टन की दोन, ते मी ठरवणार.

आई : ठरव. पण आज नको. छत पांढरं झाल्यावर, नव्या आकड्यांवर.

मामा : आणि कूलर?

आई : तो राहील. एप्रिल-मे दुपारी तोच. फक्त वाळा भरायला माणूस लावायचा, स्टुलावर मी नाही चढणार. ते पैसे लिही रकान्यात.

मामाने खिशातून कोटेशन काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूला त्याने लिहायला घेतलं : छत, वायरिंग, दोन स्प्लिट, सोलर, वाळा भरणारा माणूस. शेवटच्या ओळीसमोर आकडा टाकताना तो अडला आणि आईकडे पाहिलं. "वर्षाला दोन हजार धर," आई म्हणाली. "तेही घासाघीस करून."

तेवढ्यात फोन वाजला. कोटेशनवाला होता. पावसाळ्यात कामं कमी असतात, यंत्रावर सूट देतो, साडेआठ टन पक्के समजू का, विचारत होता. मामाने फोन आईकडे दिला.

"टन आत्ता नाही सांगता येत हो," आई म्हणाली. "दिवाळीनंतर फोन करा. घर आधी थोडं हलकं करून राहिलो आहोत."